डोझरच्या रेडिएटरची जाळी : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका फॅब्रिकेटरकडून आमच्या जुन्या डोझरला रेडिएटरची जाळी करून घेतली. त्याआधी जंबुसरकडे शेत साफ करताना वेड्या बाभळीची (आमच्याकडचा गांडो बावळ) वाळकी फांदी ब्लेडवरून उसळली आणि ग्रिलमधून थेट कोअरमध्ये (रेडिएटरच्या आतल्या गाभ्यात) घुसली. डाग देऊन कोअर वाचला, पण मशीन चार दिवस उभं राहिलं.

जाळी म्हणजे पुढे जाड सळया, मागे भोकांचा पत्रा. 14,000 रुपये गेले. आठ महिन्यांत एकही फांदी आत गेलेली नाही. दोन सळया वाकल्यात, म्हणजे मार त्यांनी खाल्लाय. इथवर पैसे वसूल.

मशीन तापायचं मात्र थांबलं नाही. उलट वाढलं. रोज दुपारी ऑपरेटरची हाक, "शेठ, कांटो लालमां गयो!" (तापमानाचा काटा लालमध्ये गेला). आम्ही धावत जाऊन समोरची जाळी झाडायचो, आणि ती स्वच्छच असायची. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं चालू इंजिनच्या ग्रिलसमोर नुसतं फडकं धरलं. ते जाळीला चिकटलं नाही, बाहेर फडफडलं. आमचा फॅन हवा पुढून ओढत नाही, इंजिनकडची हवा रेडिएटरमधून पुढे ढकलतो! कचरा येणार तो बाजूनं आणि खालून. आणि ऑपरेटरनं 'इंजिनला हवा लागते' म्हणून बाजूची दारं केव्हाच काढून ठेवलेली.

मग पुढचा पत्रा काढला (तो हवा बाहेर जाऊ देत नव्हता), सळया ठेवल्या. दारं परत चढवली, त्यांना बारीक भोकांचा पत्रा मारला, बेली प्लेट (इंजिनखालचा पत्रा) नीट बसवली. खरा फरक पडला तो इथे. या बाभळीची पानं एवढीशी की वाळली की भुसाच. त्यात कुठे ऑइल झिरपत असेल तर फिनवर (रेडिएटरच्या पातळ पात्यांवर) शेणाचं लिंपण केल्यासारखा थर. म्हणून झिरपणारं सीलही बदलून घेतलं.

साफ करताना आम्ही आधी इंजिनच्या बाजूनं हवा मारायचो, कचरा आणखी आत बसायचा. आता कॉम्प्रेसरची हवा पुढून, बेतानं, फिनला सरळ धरून मारतो. तिरकी मारली की फिन आडव्या होतात, मग पिन घेऊन बसा दिवसभर.

एक तक्रार आहे. बेली प्लेटवर सुका पाला साठतो, आणि वर तापलेला टर्बो. रोज संध्याकाळी ती रिकामी करावीच लागते, नाहीतर आगीची भीती. फॅब्रिकेटरनं तिला बिजागरी न देता आठ बोल्ट दिले. बिजागरी मी नंतर वेगळे पैसे देऊन लावून घेतली.

कानमातल्या (भरूच-वडोदऱ्याकडच्या काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या) कपाशीच्या शेतात मात्र कुठलीच जाळी पुरत नाही. पऱ्हाट्यांवर राहिलेला कापूस दाराच्या भोकांवर गोधडीसारखा बसतो. तिथे दर दोन तासांनी मशीन थांबवतो, हेल्पर हातानं तो सोलून काढतो. ऑपरेटरचा चहाही तेव्हाच होतो.