पट्टीचं होकायंत्र आणि कागदी नकाशा : मुलांसोबत आठ महिने वापरल्यावर

मुलगा तेरा वर्षांचा, भाची अकराची, आणि दोघांनाही डोंगराचं वेड. मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्यामागे चालत राहिले तर वाट संपेल, पण डोंगर कळणार नाही, ही माझी खरी काळजी होती. म्हणून दोघांसाठी साधी होकायंत्रं घेतली : पारदर्शक पट्टी, फिरती कडी, द्रवाने भरलेली डबी. सोबत १:२५,००० चा नकाशा, म्हणजे ४ सेंटिमीटरला एक किलोमीटर.

पहिले दोन महिने होकायंत्र सॅकमधून बाहेर काढू दिलं नाही. मुलं कुरकुरली, पण आज पुन्हा सुरुवात केली तरी मी हेच करेन. नकाशा वाचता येत नसेल तर सुई फक्त उत्तर दाखवते, तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायला भाचीच्या बंद मुठीवर बॉलपेनने एकाखाली एक कडी काढल्या. बोटांची पेरं झाली शिखरं. मूठ उघडून तळहात पसरला आणि ती ओरडलीच, "अरे, हा तर नकाशा!" रेषा दाटल्या की चढ खडा, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. सोंड (डोंगराची खाली उतरणारी धार) आणि घळ (दोन धारांमधला खोलगट भाग) यांत मात्र दोघंही बरेच दिवस अडखळले, कारण नकाशावर दोन्हींचा आकार सारखाच टोकदार. उंचीचे आकडे वाचायचे : टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड.

मग होकायंत्र. पट्टीची कड आपल्या जागेपासून मुक्कामाकडे लावायची, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. कडी फिरवून डबीतल्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करायच्या, कडीवरचं उत्तर नकाशाच्या उत्तरेकडे. इथवर सुईकडे बघायचंच नाही. मग यंत्र छातीसमोर आडवं धरून, सुईचं लाल टोक डबीतल्या बाणात बसेपर्यंत स्वतः वळायचं. मुलाने एकदा कडीवरचं उत्तर नकाशाच्या दक्षिणेकडे ठेवलं आणि बरोबर उलट्या दिशेला निघाला. सकाळची वेळ, जायचं पूर्वेला, आणि ऊन पाठीवर! त्याचं त्यालाच ते लक्षात आलं. तेव्हापासून आमचा नियम आहे : यंत्र हातात घेण्याआधी दिशेचा अंदाज मोठ्याने सांगायचा.

चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि नकाशाची उत्तर यांतला फरक नकाशाच्या समासात दिलेला असतो. तो जागेनुसार वेगळा असतो आणि वर्षागणिक सरकतो, म्हणून नकाशाचं सालही बघा. एक अंश चुकला तर किलोमीटरमागे साधारण १७ मीटर बाजूला जाता. मुलांना हा आकडा फार पटला.

आता तक्रारी. चौथ्या महिन्यात एका यंत्राची सुई उलटी झाली, लाल टोक दक्षिणेकडे. ते सॅकच्या वरच्या कप्प्यात मोबाइल आणि चुंबकाच्या झाकणाच्या पाकिटाशेजारी राहत होतं. दुसरं यंत्र शेजारी धरलं म्हणून कळलं. गटात निदान दोन यंत्रं हवीतच, आणि ती मोबाइलपासून लांब गळ्यात अडकवा. पट्टीवरचे मिलिमीटरचे आकडेही पुसट झालेत. थंडीत डबीत बारीक बुडबुडा येतो. सुई मोकळी फिरत असेल तर घाबरू नका. आरशाचं यंत्र एका मित्राकडून आणून पाहिलं, पण लहान हातांना ते अवजड वाटलं. शिकायला साधी, लांब पट्टीच बरी.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम वापरतो : ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मुलांसोबत मी त्यात निम्मा वेळ वाढवतो.

सातव्या महिन्यात पठारावर धुकं उतरलं. वीस पावलांपलीकडे काही दिसेना. ओढ्यावरचा साकव ९०० मीटरवर होता. नेमका साकवावरच नेम धरला असता, तर ओढा लागल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे, हे कळलं नसतं. मुलानेच पाच अंश डावीकडचा नेम धरायचं सुचवलं, म्हणजे साकव हमखास उजव्या हाताला, ऐंशी-एक मीटरवर. भाची पावलं मोजत होती. तिचे १०० मीटर म्हणजे सपाटीवर ७६ जोडपावलं (दोन पावलांचं एक), आणि दर शंभर मीटरला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी मागून चालत होतो, बोललो काहीच नाही. आठवा खडा खिशात गेला आणि थोड्याच वेळात पाण्याचा आवाज यायला लागला. काठावर दोघं थांबली, एकमेकांकडे पाहिलं आणि काही न विचारता उजवीकडे वळली.