तेलाच्या थरात शाफ्ट खोदताना अल्टेर ४एक्सआर किती पुरतो?

लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स भागात जमिनीतून वर आलेला मिथेन १९८५ मध्ये एका कपड्यांच्या दुकानात साचला. त्याचा स्फोट होऊन २३ जण जखमी झाले. त्याच भागातल्या डांबराने माखलेल्या वाळूतून पुढे मेट्रोची खोदाई झाली. अशा जागी शाफ्टमध्ये, म्हणजे खोल उभ्या खड्ड्यात, उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर चार वायूंचा डिटेक्टर हवाच. एमएसए कंपनीचा अल्टेर ४एक्सआर हा डिटेक्टर त्यासाठी दणकट आहे. बॅटरी २४ तास चालते, त्यामुळे शिफ्ट लांबली तरी चिंता नाही. माणूस ३० सेकंद हलला नाही तर डिटेक्टर ओरडतो. बेशुद्ध पडलेला माणूस काळोखात सापडायला याचा मोठा उपयोग.

खरी मेख ज्वलनशील वायूच्या आकड्यात आहे. यातला सेन्सर कॅटॅलिटिक, म्हणजे वायू जाळून मोजणारा. जळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून आधी ऑक्सिजन वाचा, मग ज्वलनशील वायू, शेवटी विषारी. ऑक्सिजन फार कमी असेल तर शून्याच्या जवळचा आकडा खोटा असू शकतो. शिवाय तेलाच्या थरातून नुसता मिथेन येत नाही, जड वाफाही येतात, आणि मिथेनवर लावलेले यंत्र त्या कमी दाखवते. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा जुळवून घेणे, पेंटेन या जड वाफेवर ठेवा. १.४५ टक्के मिथेनची चाचणी वायूची तीच बाटली मिथेनसाठी २९, तर पेंटेनसाठी ५८ टक्के एलईएल (वायू पेट घेऊ शकेल असे हवेतले किमान प्रमाण) धरली जाते. सिलिकॉनचे स्प्रे आणि हायड्रोजन सल्फाइड सेन्सर निकामी करतात, आणि स्क्रीनवर त्याचा मागमूस दिसत नाही. रोज खाली उतरण्याआधी बम्प टेस्ट, म्हणजे चाचणी वायू देऊन सेन्सर प्रतिसाद देतो का ते पाहणे, केली तरच ते कळते.

उणीव एकच, पण मोठी: यात पंप नाही. मिथेन वर चढतो, हायड्रोजन सल्फाइड तळाच्या खड्ड्यात बसतो. त्यामुळे उतरण्याआधी वर, मध्ये आणि तळाशी असे तिन्ही ठिकाणचे नमुने घ्यायला पंपवाले वेगळे यंत्र लागेलच. त्याला टेफ्लॉनची नळी लावा, साधी नळी जड वाफा शोषून घेते. नळीच्या दर मीटरला ३ सेकंद थांबा आणि सेन्सरच्या प्रतिसादाचा वेळ वेगळा धरा. वासावर तर विसंबूच नका, साधारण १०० पीपीएमला हायड्रोजन सल्फाइडचा वास येईनासा होतो.

पट्ट्याला अडकवण्याची सवय मोडा, छातीवर लावा. कमरेशी डांबराचे शिंतोडे फिल्टरवर बसतात, सेन्सरचे तोंड बुजते आणि अलार्म उशिरा वाजतो. फिल्टरचे जादा संच सुरुवातीलाच मागवा.