जुनी फायबर होडी घेऊन दुरुस्त करावी का? एक मोसम वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी १९ फुटी फायबरची जुनी होडी विकत घेतली. पूर्वी ती पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेत असे. मालकाने मोठी बोट घेतल्यावर ती कलमांच्या बागेत उघड्यावर पडली आणि काही पावसाळे तिने तसेच काढले. आत कुजलेला पाला, त्यात साठलेलं पाणी, फाटक्या ताडपत्रीखाली इंजिन. दुरुस्ती करून शिमग्याआधी ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडच्या खाडीत उतरवली, मेअखेर झापांनी शाकारली आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाहेर काढली. गळाची मासेमारी, पलीकडच्या गावांना जाणं-येणं, पाहुण्यांना शास्त्री नदीत आतपर्यंत फिरवून आणणं, सगळं सध्या तिच्यावरच चालतं.

अशी होडी घ्यावी का, असं आता बरेच जण विचारतात. माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे, पण एका अटीवर. पैसे देण्याआधी मालकाने तुम्हाला तिच्या मागच्या फळीत ड्रिल मारू दिलं पाहिजे. तो नाही म्हणाला तर होडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

फायबरची होडी कुजत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. फायबर कुजत नाही हे खरं आहे. पण या होड्या नुसत्या फायबरच्या नसतात. ज्या फळीवर इंजिन टांगतात ती मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, आतून प्लायवूडची असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी फायबरचं आवरण असतं. तळाशी लांबीच्या दिशेने जाणारे आधार बहुतेक वेळा लाकडाचेच असतात. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडीचे स्क्रू अशा जागांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. बाहेरून रंग चकचकीत, आत प्लायवूडचा काळा लगदा. अशा ट्रान्समवर ४० अश्वशक्तीचं इंजिन लावून पूर्ण वेग दिला तर इंजिन ट्रान्समसकट समुद्रात जाऊ शकतं.

म्हणून तपासणी मागून सुरू करावी. नारळ वाजवून बघतात तशी छोट्या हातोडीने ट्रान्समची इंच-इंच जागा वाजवायची. टणक आवाज आला तर आतलं लाकूड धड आहे, भद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करायची. मग इंजिन लावलेलं असेल तर त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली दाबायचं आणि ट्रान्सम हलतो का, हे दुसऱ्या माणसाला बघायला सांगायचं. त्यानंतर खुणेच्या जागी आतल्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडायचं, शक्य तेवढं खाली, कारण पाणी खालीच साठतं. भुसा कोरडा, फिकट निघाला तर उत्तम. ओला, काळपट निघाला आणि कुबट वास आला, तर ट्रान्सम नवा करायचा खर्च धरूनच भाव बोलायचा. भोक नंतर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने, बुजवता येतं, होडीचं काही बिघडत नाही.

माझ्या होडीचा भुसा ओला निघाला. तरी मी ती घेतली, कारण बाकीचं बूड चांगलं होतं आणि ट्रान्समचं काम नेमकं किती, हे आता कळलं होतं. विक्रेत्याला तो भुसा तळहातावर दाखवला आणि भाव उतरला.

आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडी हाकणाऱ्या जाणत्याने, आणखी एक गोष्ट दाखवली. ते म्हणाले, “इंजिन मागनं बघ, आधी बूड बघ.” होडीच्या मागे जमिनीवर आडवं होऊन, एक डोळा मिटून, तळाच्या रेषेवरून पुढे बघायचं. वर्षानुवर्षं दोनच दगडांवर ठेवलेली होडी मध्ये खचते, आणि असा बाक आलेलं बूड वेगात नीट चालत नाही. त्याला व्यवहारात बसेल असा उपाय नाही. तळावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुतेक वेळा जेलकोटपुरत्याच, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थरापुरत्याच, असतात. आतल्या आधाराला समांतर गेलेली एकच लांब भेग मात्र चांगली नव्हे, कारण तिथे आधार सुटलेला असू शकतो. तळावर फोड असतील तर एक फोडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी फायबरच्या थरात उतरलं आहे.

वजनही बघावं. डेकखाली फोम भरलेला असेल आणि तो पाणी प्यायलेला असेल, तर होडी कागदावरच्या वजनापेक्षा बरीच जड भरते. ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर न्यावी; तेवढ्या पैशात इतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही.

या होडीआधी मी एक सागवानी होडीही बघितली होती. दिसायला इतकी देखणी की तिच्यावरून अजून मन उडत नाही. फळ्यांमधल्या फटी बघून घाबरायचं कारण नव्हतं. जमिनीवर राहिलं की लाकूड आकसतं, पाण्यात पडलं की फुगून सांधे मिटतात. पण खिळे लोखंडी होते आणि प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ पडलं होतं. गंजणारं लोखंड आजूबाजूचं लाकूड खातं, आणि मग नवीन खिळा ठोकायला धड लाकूडच राहत नाही. खालच्या लांब लाकडात चाकूचं टोक सहज रुतत होतं. बरेच जण सुचवत होते की वरून फायबर मारून घे, काम झालं. हे मात्र कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. फळ्यांची होडी पाण्यात सतत थोडी हलते, फुगते, आकसते. फायबरचा कडक थर तसा हलत नाही. तो कुठेतरी सुटतो, मागे पाणी अडकतं आणि लाकूड उघड्यावर कुजलं नसतं इतक्या वेगाने आत कुजतं. अशा होडीला चांगला सुतारच हवा. असे सुतार थोडे उरले आहेत आणि पावसाळ्याआधी ते मच्छीमारांच्या कामात बुडालेले असतात. पोट त्या होड्यांवर असलेल्यांचा पहिला हक्क, हेही बरोबरच आहे.

आता दुरुस्तीबद्दल. आतल्या बाजूचं फायबर कापून लगदा काढला, बाहेरचा थर तसाच ठेवला म्हणजे आकार जात नाही. मग हा भाग चांगला वाळू दिला. इथे घाई करून चालत नाही. ओल्या पृष्ठभागावर रेझिन धरत नाही, म्हणून हे काम दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांतच करावं. पावसाळी हवेत केलेलं काम पुढे सोलून निघताना मी दुसऱ्यांच्या होड्यांत पाहिलं आहे. प्लायवूड घेताना आयएस ७१० हा शिक्का बघून घ्यावा, तेच मरीन प्लाय. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे देतो ते बऱ्याचदा आयएस ३०३ असतं, स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे. १८ मिमीच्या दोन फळ्या इपॉक्सीने एकमेकींना चिकटवून बसवल्या आणि त्यांच्या कडासुद्धा इपॉक्सी पाजून बंद केल्या.

गावाकडचे कारागीर साधं पॉलिएस्टर रेझिन वापरतात. नवी होडी ओतताना ते उत्तम, पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. महाग आहे, तरी ट्रान्समसाठी मी त्यात तडजोड केली नाही. मात्र इपॉक्सीबरोबर नेहमीची काचतंतूंच्या तुकड्या-तुकड्यांची मॅट चालत नाही, कारण तिच्यातला गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळायचा असतो. विणलेलं कापड घ्यावं. जोडाच्या ठिकाणी जुनं फायबर ग्राइंडरने उतरतं घासावं, दर १ मिमी जाडीला साधारण १२ मिमी रुंदीचा उतार. सरळ कापून वर पट्टी मारलेला जोड टिकत नाही.

स्वतः काम करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पॉलिएस्टर घट्ट करण्यासाठी कोबाल्ट (वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर (घट्ट करणारं रसायन) अशा दोन वेगळ्या बाटल्या असतात. त्या दोन गोष्टी थेट एकमेकींत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घासताना मुलांना जवळ फिरकू द्यायचं नाही.

इंजिन आणि होडी हे दोन वेगळे व्यवहार समजावेत. पडून राहिलेलं इंजिन विक्रेता ‘सुरू होतं’ म्हणून दाखवतो, पण तेवढ्यावर भाव देऊ नये. खालच्या गिअरमधलं तेल काढून बघावं. दुधट असेल तर सील गेलेत आणि आत पाणी आहे. सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावं, आकडा कितीही असो, दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टची लांबीही विसरू नये. १५ इंची आणि २० इंची असे दोन प्रकार सर्वाधिक दिसतात, आणि ट्रान्समची उंची त्याच्याशी जुळली नाही तर पंखा एक तर हवा खातो नाही तर उगाच खोल ओढत राहतो. होडीबरोबर आलेल्या इंजिनाला मी भंगाराचाच भाव लावला आणि वेगळं वापरलेलं इंजिन घेतलं. एकूण खर्चातला सर्वांत मोठा हिस्सा तिथेच गेला.

पेट्रोलबद्दल आता जास्त जपावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. खाडीकाठच्या हवेत अर्धी भरलेली टाकी बराच काळ ठेवली तर पाणी खाली बसू शकतं, आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी बंद पडतं. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. मी सगळ्या नळ्या बदलल्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावला आणि लागेल तेवढंच पेट्रोल आणतो. प्रत्येक वेळी परतल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर चालवून आतलं मीठ धुतो. कंटाळा येतो, पण यात सूट नाही.

वापरात ती कशी आहे? खाडीत फारच गुणी. तळ बऱ्यापैकी सपाट असल्यामुळे ओहोटीतही उथळ पाण्यात शिरते, उभं राहून गळ टाकला तरी कलत नाही. सकाळी मतलई वाऱ्यावर निघावं आणि खारा वारा जोर धरायच्या आत परतावं, हे तिचं वेळापत्रक. दुपारी जयगड किल्ल्याखाली, उधाणाची ओहोटी आणि समोरून वारा एकत्र आले की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. तेव्हा हा सपाट तळ आपटतो, पुढच्या माणसाची पाठ धरते आणि सगळे भिजतात. खोल व्ही आकाराच्या तळाची होडी तिथे नक्कीच सरस ठरेल. भांगाच्या दिवसांत तोच पट्टा ती आरामात पार करते.

नवा ट्रान्सम जसाच्या तसा आहे. बोल्ट बसवताना भोकं मोठी पाडली, इपॉक्सीने भरली आणि मग त्या इपॉक्सीत पुन्हा योग्य मापाची भोकं पाडली, म्हणजे बोल्टाभोवती लाकूड उघडं राहतच नाही. पावसाळ्यानंतर बोल्ट काढून बघितले, आत कोरडं होतं. एका बाकाच्या कोपऱ्याला भेग आली आहे. तो भाग मी तसाच सोडला होता, या हिवाळ्यात करीन. सगळे स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घेतले. पितळी स्क्रूमधलं जस्त खाऱ्या पाण्यात झिजतं आणि उरलेला स्क्रू बोटाने मोडतो.

होडी पाण्यात बांधून ठेवायची की वर ओढायची, हेही घेण्याआधी ठरवावं. आमच्या खाडीत पाण्यात राहिलेल्या तळाला थोड्याच आठवड्यांत शेवाळ आणि पांढरे शिंपले चिकटतात आणि पेट्रोल जास्त लागतं. मी भरतीला ओंडक्यांवरून वर घेतो, त्यामुळे तळाला विषारी रंग लावावा लागला नाही. त्यासाठी दोन-तीन माणसांचे हात लागतात. शेजारी चांगले असावे लागतात आणि त्यांना मासे द्यावे लागतात.

कागदांचं थोडक्यात. मासेमारीची होडी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदलेली असते, बाकीच्या होड्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. नाव बदलून मिळणार का, हे कार्यालयात जाऊन आधी विचारा, पैसे नंतर. प्रवासी वाहतूक करायची असेल तर परवाना आणि तपासणी वेगळी, घरगुती वापराच्या कागदांवर ते करू नये. लाइफजॅकेट मात्र कुठल्याही कागदाची वाट न बघता माणशी एक.

हिशेब मांडला तर होडी, ट्रान्सम, इंजिन, रंग, सामान मिळून नव्या होडीच्या किमतीच्या साधारण पाऊणपट खर्च झाला. माझी मजुरी यात धरलेली नाही. मुंबईत राहून महिन्यातून एकदा गावी येणाऱ्याला मी हे सुचवणार नाही; त्याने चालती होडी घ्यावी किंवा गावातल्या कुणाबरोबर भागीत घ्यावी. ज्याच्या घरामागे छप्पर आहे, समोर खाडी आहे आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी मोकळ्या आहेत, त्याने हातोडी, खडू आणि ड्रिल घेऊन बागांमधल्या होड्या बघायला निघावं. पाऊस थांबल्यावर लगेच जाणं उत्तम, कारण तेव्हा कुठे पाणी मुरतं ते होडी स्वतःच दाखवते.