पार्किंगचं अँटी-स्किड कोटिंग: पाचपैकी दोन, तेही पोरं वेळेवर आली म्हणून

कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत आमचं छोटं कॉम्प्लेक्स आहे, खाली सात दुकानं, वर क्लासेस आणि एक दातांचा दवाखाना. बेसमेंटच्या रॅम्पवर दर पावसाळ्यात शेवाळं धरतं आणि दोन-चार अ‍ॅक्टिवा आडव्या होतात. यंदा जूनमध्ये क्लासची एक मुलगी पडली, कोपर चांगलंच सोलवटलं, तिचे वडील येऊन जे बोलले त्यानंतर आम्ही वर्गणी काढून एका कंपनीला अँटी-स्किड कोटिंगचं काम दिलं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. ३८ हजारांत ठरलं, हप्त्यांनी.

पोरं सांगितल्या वेळी आली, जेट मशीनने रॅम्प धुतला, काळी-हिरवी साय निघून खालचं काँक्रीट कित्येक वर्षांनी दिसलं, तिथपर्यंत एक नंबर. मग दुसऱ्याच दिवशी इपॉक्सी लावून वर बारीक वाळू पेरली. मी म्हटलं अरे अजून ओलं आहे, काल रात्रभर पाऊस होता, तर सुपरवायझर म्हणे काका काही होत नाही, हे वॉटरप्रूफ असतं. वॉटरप्रूफ असेल हो, पण वरून. खालून ओल असली की इपॉक्सी काँक्रीटला धरतच नाही, हे मला नंतर कळलं. तीन आठवड्यांत एका गिऱ्हाइकाच्या चपलेला तळहाताएवढा पापुद्रा चिकटून थेट माझ्या काउंटरपर्यंत आला, वाळूसकट. वॉरंटीचं विचारलं तर ती म्हणे मालावर आहे, ओलीवर नाही.

माझा भाचा शिकागोला एका मॉलच्या पार्किंगचं मेंटेनन्स बघतो, त्याला फोटो पाठवले, तर हसायला लागला. त्याला म्हटलं हसू नकोस, पुण्याचा नीचांकसुद्धा १.७ डिग्री, तोही १९३५ च्या जानेवारीतला, आम्हाला बर्फातलं काय कळणार. तर म्हणाला, मामा, दुखणं तेच आहे. तिकडे बर्फ पडायच्या आधीच मीठ मारतात म्हणजे तो जमिनीला चिकटून बसत नाही, उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही मग कॅल्शियम क्लोराईड लागतं, आणि जास्त टाकलं तर काँक्रीट आणि गाड्या दोन्ही खातं. पण सगळ्यात जास्त माणसं पडतात कुठे, तर छपराच्या पाइपचं पाणी जिथे सांडतं तिथे. दिवसा वितळलेलं पाणी पसरतं, रात्री त्याचा काचेसारखा पातळ थर होतो, दिसतही नाही. म्हणून आधी पाइपचं तोंड वळव, मीठ नंतर. मग विचारलं, तुमच्या रॅम्पवर पाणी कुठून येतं?

खाली जाऊन बघितलं तर हिरवा पट्टा बरोब्बर भिंतीकडेने, वीतभर रुंद, आणि वर दवाखान्याच्या दोन एसींचे पाइप ठिबकतायत. इतकी वर्षं कुणी मान वर करून बघितलं नव्हतं, मीही नाही. डॉक्टरांना सांगितलं, बिचारे लगेच तयार झाले, नेहमीच्या प्लंबरने साडेनऊशे रुपयांत दोन्ही पाइप गटारात सोडले आणि गच्चीच्या पाइपचा फुटलेला बेंडही बदलला. त्याला पाचपैकी पाच.

उरलेलं शेवाळं वॉचमनने ब्लीचिंग पावडर टाकून वीसेक मिनिटांनी खराट्याने घासलं. पठ्ठ्या त्यात संडासाचं अ‍ॅसिड ओतणार होता, जोर येतो म्हणे! तेवढं अजिबात करू नका, क्लोरीन सुटतो, आणि बेसमेंटमध्ये पळायला जागाही नसते.

आता ऑगस्ट संपत आला, तो पट्टा परत धरलेला नाही. कोटिंग पूर्ण वाईटच असं नाही म्हणणार, वरच्या टोकाला जिथे ऊन लागतं तिथे अजून घट्ट आहे आणि टायर छान पकडतं. करायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये कडक उन्हात करून घ्या, पावसात कुणी तयार झाला तर पैसे देऊ नका. आमचा शेवटचा आठ हजारांचा हप्ता अजून माझ्याकडेच आहे, त्यांचा रोज फोन येतो, मी सांगतो ओल वाळली की देतो.