कोतवाल बुक, फेरफार आणि रामकुंडावरची वही: आठ महिन्यांचा अनुभव

सर्वपित्रीला आमच्या घरी एक पान ‘मोठ्या आई’साठी वाढले जाते, ती नात्याने कोणाची कोण, हे मात्र नाशिकातल्या आमच्या घरात कोणालाच सांगता येत नव्हते. पणजोबा एकुलते एक, असेच आम्ही ऐकत आलो होतो. गेले आठ महिने सुट्टीचे बहुतेक दिवस मी जुन्या नोंदी पाहण्यात घालवले; त्यांत कोणते साधन कितपत उपयोगी पडले, ते लिहीत आहे.

सुरुवात महसूल विभागाच्या संकेतस्थळापासून केली. तिथे स्कॅन केलेले जुने अभिलेख जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक या वाटेने शोधावे लागतात. नुसते आडनाव ठाऊक असून भागत नाही. आमच्या हाती निफाड तालुक्यातल्या जमिनीचा आजचा गट क्रमांक होता, परंतु १९४७ च्या कायद्यान्वये पुढे झालेल्या एकत्रीकरणात जुने सर्व्हे क्रमांक गटांत मिसळून गेल्यामुळे, दोन्हींचा मेळ दाखवणारा उतारा आधी मिळवावा लागला. हे उशिरा कळल्याने माझा दीड महिना फुकट गेला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून आजोबांची जन्मतारीख मिळाली, त्यापलीकडे काही नाही.

खरी माहिती दिली ती कोतवाल बुकाने, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीने. ती मोडी लिपीत आहे. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि प्रत्येक लिहिणाऱ्याचे वळण निराळे. मुळाक्षरे महिन्याभरात येतात, पण घाईघाईने लिहिलेली नोंद लागायला मला चार महिने लागले. शिवाय आडनाव क्वचितच लिहिलेले असते. पुरुष ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा, आणि विवाहित स्त्री ‘अमुक कोम तमुक’, म्हणजे तमुकची बायको, एवढीच ओळख. त्यामुळे बापलेकांच्या नावांची जोडी पाठ असल्याखेरीज पाने उलटण्यात अर्थ नाही. १९१८ च्या ऑक्टोबरच्या पानावर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीने ‘ताप’ लिहिलेले आहे. ती इन्फ्लुएंझाची साथ. त्याच पानावर खापरपणजोबांच्या नावाआधी ‘बिन’ लिहिलेला, म्हणजे त्यांचा मुलगा असलेला, एक तरुण दिसला, आणि तो पणजोबा नव्हता.

या पानापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. एका कचेरीत ‘अभिलेख जीर्ण आहे’ असे सांगून मला तीनदा परत पाठवण्यात आले; चौथ्या खेपेला निवृत्तीला आलेल्या एका कर्मचाऱ्याने शेजारच्या फडताळातून तोच गठ्ठा काढून दिला. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा, एवढे मी यातून शिकलो.

एका नोंदीवर विसंबू नये म्हणून पंचवटीत रामकुंडावरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणाऱ्या उपाध्यायांकडे, गेलो. त्यांनी आडनावाआधी गाव विचारले, कारण वह्या गाववार लावलेल्या असतात. शके १८४२ ची नोंद निघाली. त्यात ७८ मिळवले की १९२० येते, आणि तेव्हा नाशिकचा सिंहस्थ होता, त्यामुळे सालाबद्दल शंका उरली नाही. त्या नोंदीत पणजोबांच्या हातची सही, थोरल्या भावाच्या नावाआधी ‘कै.’ आणि त्याच्या विधवेचे नाव आहे. वही वाचून झाल्यावर आपल्या हयात माणसांची नावे लिहून सही करायची असते. ती पूर्ण माहिती घेऊनच जावे, मी दोन चुलत बहिणींची नावे विसरलो आणि पुन्हा गेलो.

उरलेले फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणाऱ्या नोंदीच्या, एका ओळीत मिळाले. थोरल्याच्या हिश्श्यावर लागलेले त्याच विधवेचे नाव पुढे ‘मयत, वारस नाही’ या शेऱ्याने कमी झाले आणि हिस्सा पुतण्याकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे आला. म्हणजे मोठी आई ही आजोबांची थोरली चुलती. तिला आमच्याच घरात कोणी सांभाळले, की तिनेच आजोबांना सांभाळले, हे फेरफारात लिहिलेले नसते.

पाचपैकी गुण द्यायचेच तर उपाध्यायांच्या वहीला पाच, कोतवाल बुकाला चार आणि कचेऱ्यांतल्या खेपांना दोन देईन. मोठ्या आईचे माहेर अद्याप सापडलेले नाही; ‘कोम’ लिहिले की वडिलांचे नाव गळते. आमच्याकडे पूर्वी नागबळीचा विधी झाला होता असे आत्या सांगते, आणि तो त्र्यंबकेश्वरला करतात, म्हणून आता तिथल्या उपाध्यायांच्या वह्या पाहायच्या आहेत.