मुंबई–नागपूर: विमानाचा दीड तास की दुरांतोची एक रात्र?

माझी सासुरवाडी नागपूरची असल्याने मुलुंड ते धरमपेठ हा प्रवास वर्षातून चार-पाच वेळा घडतो आणि प्रत्येक वेळी घरात तोच प्रश्न निघतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, परंतु सातशे किलोमीटर गाडी चालवण्याची उमेद आता माझ्यात राहिलेली नसल्याने तो पर्याय मी येथे विचारात घेत नाही.

सरळ रेषेत मोजल्यास मुंबई ते नागपूर हे अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. लोहमार्गाने सीएसएमटीपासून ते ८३७ किलोमीटर आहे. ताशी आठशेच्या आसपास उडणाऱ्या विमानाला त्यासाठी तासभरही लागू नये, तरीही तिकिटावर साधारण दीड तास छापलेला असतो. कारण विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर जाणारा वेळ आणि सुरक्षा तपासणीची रांग मात्र त्यात नसते, हे मुलुंडकरांना सांगायला नकोच.

एवढे सगळे मी सहन केले असते. माझे मन फिरले ते परतीच्या प्रवासात. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि संध्याकाळच्या गर्दीत उतरणाऱ्या विमानांना आकाशातच आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. एका पावसाळ्यात, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा घेऊन, मी असा जवळजवळ पाऊण तास घिरट्या घातल्या. उशिराबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण उशीर रेल्वेलाही होतो. पण गाडी सिग्नलला थांबली तर कूस बदलून झोपता तरी येते, तिथे मात्र पट्टा बांधून, ढगांकडे पाहत, घरी पोहोचायला किती वाजतील याचा हिशेब पुनःपुन्हा मांडत बसावे लागते. कदाचित माझेच नशीब खोटे असेल. हाच अनुभव सर्वांना येईल असे मी म्हणणार नाही.

दुरांतो रात्री निघते आणि सकाळी पोहोचवते. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी बँकर इंजिने जोडली जातात, तेव्हाचा हलका धक्का जाणवतो न जाणवतो तोच झोप लागते. शिवाय संध्याकाळी सीएसएमटीकडे जाणारी आणि सकाळी तिथून परत आणणारी लोकल, दोन्ही गर्दीच्या उलट दिशेच्या असल्याने, सामानासकट बसायला जागा मिळते. या सोयीचा उल्लेख कोणत्याही वेळापत्रकात नसतो.

अर्थात घरात आजारपण असेल किंवा एका दिवसात काम उरकून परतायचे असेल, तर विमानाला पर्याय नाही. दिवाळीत रेल्वेचे आरक्षण हाती लागणेही कठीणच असते. पण घिरट्यांचा जाच मला मुंबईत उतरतानाच झालेला असल्याने, विमानाचा आग्रह असलेल्यांनी निदान ते जातानाच घ्यावे असे मला वाटते. पुढच्या लग्नासाठी आमचे जाणे कसे होईल ते अजून ठरलेले नाही. येतानाचे दुरांतोचे खालचे दोन बर्थ मात्र मी साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला काढून ठेवले आहेत.