दौगोंग पाहायचे तर फोगुआंग मंदिर की बीजिंगचा राजवाडा?

चीनच्या प्रवासात जुन्या लाकडी छपरांसाठी एकच दिवस काढता येणार असेल, तर माझं मत शान्शी प्रांतातल्या फोगुआंग मंदिराला.

दौगोंग म्हणजे खांबाच्या माथ्यावर ठोकळे आणि आडवे हात खाचांमध्ये बसवून रचलेला जुडगा. छपराचा भार खांबावर आणायचा आणि वळचण लांबवर बाहेर काढून पावसापासून भिंत वाचवायची, हे त्याचं काम.

फोगुआंगच्या पूर्व दालनात (सन 857, थांग राजघराण्याचा काळ) हे काम उघड दिसतं. जुडगा खांबाच्या जवळजवळ निम्म्या उंचीचा, वळचण सुमारे चार मीटर बाहेर. तिच्याखाली उभं राहून वर बघा: जुडग्यातून दोन तिरपी लाकडं टोकं खाली करून पुढे आलेली दिसतात. त्या खऱ्या तरफा आहेत. बाहेरच्या टोकावर वळचणीचं ओझं, आतल्या टोकावर छपराचं, आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. मला हा भाग तासन् तास पाहावासा वाटतो. 1937 मध्ये वास्तुकलेचे इतिहासकार दांपत्य लियांग सिचंग आणि लिन हुईयिन इथे आले. लिन यांनी तुळईवरची पुसट अक्षरं वाचली. त्यातलं दान देणाऱ्या स्त्रीचं नाव अंगणातल्या शिलास्तंभावरही निघालं, तेही सालासकट. दालनाचा काळ असा ठरला.

बीजिंगच्या राजवाड्यातलं ताईहदियान, म्हणजे तिथलं मुख्य दालन, आजच्या रूपात 1695 चं. इथले जुडगे बरेच लहान, पण एका खणात दाटीवाटीने बसवलेले, निळ्या-हिरव्या रंगाचे, सोनेरी कडांचे. फोगुआंगसारखी खाली झुकलेली, चोचीसारखी टोकं इथेही आहेत, मात्र बाहेरून दिसणाऱ्या बहुतेक चोचींमागे तरफ नाही. आडव्या हाताचं टोकच तसं कोरलंय. तुळयांचा बराचसा भार थेट खांबांवर जातो. शोभेची ओळ म्हणून ती देखणीच आहे, आणि मिंग आणि चिंग या नंतरच्या राजघराण्यांच्या काळातली सजावट हाच तुमचा विषय असेल तर इथेच या.

सोबत वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं असतील तरी बीजिंग सोपं. राजवाडा एरवी सोमवारी बंद असतो आणि तिकीट पासपोर्टवर आधी काढावं लागतं. फोगुआंगसाठी शान्शीची राजधानी तैयुआनहून गाडी ठरवावी. मंदिर वुताई पर्वतावरच्या गजबजलेल्या मंदिरांपासून दूर आहे आणि दालनापर्यंतच्या पायऱ्या खड्या आहेत. दालन पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दर्शनी जुडग्यांवर ऊन हवं असेल तर दुपारनंतर पोहोचा.